ओल्या चाकावर चढवलेली धाव

हे लिहायला घेतलं आहे, पण आधी वाचणाऱ्यांची माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नाही. वडील अंगठा उठवतात. मोठ्या भावाला सही येते, पण ती तो जीभ दातांत धरून, चित्र काढल्यासारखी काढतो. अशा घरातल्या मुलानं कॉलेजात चार वर्षं काढली म्हणून लगेच आपल्या आठवणी लिहाव्यात, आणि त्या दुसऱ्यानं वाचाव्यात असं मनात आणावं, हा आगाऊपणा आहे. तो मला कळतो. मी हे आधी दोनदा लिहून फाडलं आहे. पहिल्यांदा फार रागाचं झालं आणि दुसऱ्यांदा मी स्वतःला फार चांगला करून दाखवलं. या खेपेला जसं घडलं तसं सांगायचा प्रयत्न करतो. गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही, कारण सगळी माणसं हयात आहेत.

आमचं गाव चांदा जिल्ह्यात, मूल गावापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. गावाला मोठं तळं आहे. आम्ही त्या तळ्यावर मासे धरणारी माणसं. थोडी धानाची जमीन आहे, पण ती तळ्याच्या पोटातली, एखाद्या वर्षी पिकते आणि एखाद्या वर्षी पाण्याखाली जाते. आमच्यासारख्या घरांत चिखलणीपुरती एखादी थकलेली जोडी असते, तीही कधी मागून आणलेली. माझ्या भावाला मात्र लहानपणापासून बैलांचं वेड. त्यानं वरोऱ्याच्या बाजारातून दोन गोऱ्हे आणले, एक पांढरा आणि एक तांबडा, आणि त्यांना असं वाढवलं की वहिनी म्हणायची, "मले एखादं पोरगं होऊ द्या, मंग पाहू त्याच्या वाट्याले किती लाड उरते तर."

धान कापून, बांधून झालं की आमच्याकडे गावोगावी शंकरपट भरतो. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रिकाम्या झालेल्या धानाच्या शेतांतून बांध फोडून एक लांब सरळ पट्टी साफ करतात. तिला दान म्हणतात. दानीवर शेजारी शेजारी दोन जोड्या सोडतात. प्रत्येक जोडीला एक हलकी छोटी गाडी, तिला छकडा म्हणतात, आणि छकड्यावर एकच माणूस. पंचाच्या हातातलं फडकं खाली पडलं की सुटायचं. वळण नाही, परत फिरणं नाही. जेवायला बसलेल्या माणसाला दोन घास घ्यायला लागतात तेवढ्यात सगळं संपतं.

मी नागपूरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. दिवाळीनंतर मला मित्राचं पत्र आलं. हा मित्र आमच्या गावच्या लोहाराचा मुलगा. आम्ही गावच्या शाळेत एका पाटावर बसलो आणि पुढे मूलच्या शाळेतही एकत्र गेलो. तिथे दोन वर्षांनी त्याच्या वडिलांनी त्याला काढून घेतलं, कारण भट्टीवर हात कमी पडत होता. मी कॉलेजला निघालो तेव्हा माझ्या पत्र्याच्या पेटीला कडी-कोयंडा त्यानंच बसवून दिला. नागपुरात मला सुरुवातीला कुणाशी बोलायची हिंमत होत नसे, म्हणून मी त्याला लांब लांब पत्रं लिहीत असे. त्याचं म्हणणं असायचं, "तिथी काय शिकवते ते लिहून पाठवत जा." मी त्याला लिहिलं होतं की धातू तापवला की वाढतो आणि थंड झाला की आकसतो. त्याचं उत्तर आलं होतं: "हे तर आमाले माहीत हाय. पण काऊन होते, हे माहीत नव्हतं." ते पोस्टकार्ड मी खोलीतल्या मुलांना दाखवलं होतं.

या पत्रात मात्र त्यानं वेगळंच लिहिलं होतं. गावच्या पारावर आमच्या जुन्या मालगुजारांनी, म्हणजे गावच्या जमीनदारांनी, माझ्या भावाची टर उडवली. मालगुजारी जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती, पण गाव त्यांना मालगुजारच म्हणे. ते म्हणाले, "काय गा, आता मासे छकड्यात बसून बाजाराले जातीन का?" भाऊ म्हणाला, "मासे आपले टोपलीतच जातीन मालक. पण या वर्षी आपली जोडी माह्या जोडीच्या मागं राहीन." मालगुजारांनी तिथल्या तिथे पैज लावली. पटात दोघांच्या जोड्या एकमेकींविरुद्ध सुटतील, आणि जो हरेल तो आपल्या जोडीतला एक बैल देईल. बैल कोणता, ते जिंकणारा ठरवेल. भाऊ हो म्हणाला.

मालगुजारांच्या गोठ्यात बैलांची रांग होती. एक गेला तर त्यांना फारसा फरक पडणार नव्हता. भावाचा एक गेला तर जोडीच तुटणार होती. पटाचे बैल एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकत वाढलेले असतात. एक दुसऱ्याशिवाय पळत नाही, आणि नव्याशी जुळवायला वर्षं जातात. पत्राच्या शेवटी मित्रानं लिहिलं होतं, "तू ये. तुह्या भावाले कोणी तरी पाह्यजे."

मी नाताळच्या सुट्टीत आणखी काही दिवस घालून गेलो.

गेलो त्याच दिवशी दुपारी भाऊ मला घेऊन भट्टीवर गेला. मित्राचे वडील त्या पावसाळ्यात वारले होते, आता भट्टी तो एकटा चालवत होता. छकड्याची दोन्ही चाकं खाली काढून ठेवली होती. चाकाच्या लाकडी कडेवर जी लोखंडी पट्टी चढवलेली असते, तिला आम्ही धाव म्हणतो. दोन्ही चाकांच्या धावा जुन्या आणि ढिल्या झालेल्या म्हणून मित्रानं त्या उतरवल्या होत्या. नव्या पट्ट्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. धाव चढवायची पद्धत अशी, की पट्टी चाकाच्या घेरापेक्षा थोडी आखूड कापून तिचं कडं करायचं. ते कडं गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायचं. तापलं की ते वाढतं आणि चाकावर बसतं. मग वरून पाणी टाकलं की आकसून लाकडाला आवळतं.

भट्टीवर पाच-सहा माणसं बसली होती. भट्टी चालू नसली तरी तिथे माणसं बसतातच. मित्र म्हणाला, "चाकं दोन दिवस उन्हात टाकू. चांगली वाळली का मंग धाव चढवू."

मी त्या दिवसांत मुद्दाम पुस्तकी बोलत असे. आता आठवलं की मान खाली जाते. मी म्हणालो, "उन्हात नको. उलट दोन दिवस तळ्यात बुडवून ठेवायला हवीत."

हे मला कुठून सुचलं तेही सांगतो. आमच्या घरी लाकूड म्हणजे पाण्यात ठेवायची वस्तू. आमचा डोंगा, एका खोडाचा कोरलेला, काम नसलं की आम्ही दगड भरून तळ्यात बुडवून ठेवतो, नाहीतर उन्हानं तडकतो. उन्हाळ्यात गाड्यांची चाकं ढिली झाली की लोक गाडी तळ्यात उभी करतात आणि चाकं घट्ट होतात, हेही मी लहानपणापासून पाहिलं होतं. त्यात कॉलेजातलं मिळवलं. एकीकडून लोखंड आकसणार आणि दुसरीकडून लाकूड फुगलेलं असणार, म्हणजे धाव दुप्पट आवळून बसणार. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मी ते सगळ्यांना काडीनं मातीत वर्तुळ काढून समजावून सांगितलं.

मित्र म्हणाला, "नाई बा. चाक कोरडंच पाह्यजे. माह्या बा कवाच ओल्या चाकावर धाव चढवत नव्हता."

आणि मी म्हणालो, "तुझा बाप फिजिक्स शिकला होता का?"

माणसं हसली. एक म्हातारा म्हणाला, "घ्या! आता लोहाराले बी नागपूरले पाठवा लागते." दुसरा म्हणाला, "तिथी कोळसा मिळते का गा?" त्यावर आणखी हसले. मित्रही हसला. त्याच्या वडिलांना जाऊन चार महिनेही झाले नव्हते, हे मला त्या वेळी सुचलं नाही. खोटं कशाला लिहू, सुचलं होतं, पण बोलून झाल्यावर. आणि मागे घ्यायला जीभ वळली नाही.

भावानं माझ्याकडे पाहिलं, मग मित्राकडे. मित्र म्हणाला, "बुडवू मंग. तो शिकून राह्यला, आपल्यापेक्षा त्याले जास्त समजते." त्यानं स्वतः एक चाक खांद्यावर घेतलं, एक मी घेतलं, आणि आम्ही दोघं तळ्यावर गेलो. वाटेत तो कॉलेजबद्दल काही विचारेल असं मला वाटलं होतं. त्यानं काही विचारलं नाही. गुडघाभर पाण्यात चाक आडवं घालून त्यानं त्यावर दगड ठेवले, अगदी नीट, एकही आरा वर राहू नये असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाव चढवली. ती सकाळ मला अजून आवडते, आणि हेच मला जास्त लागतं. दगडांवर दोन्ही कडी मांडली होती, खाली-वर गोवऱ्या आणि पळसाची लाकडं. जाळ पेटला तसं लोखंड आधी काळं, मग निळसर, मग लाल झालं. चौघांनी लांब सांडशांनी ते उचललं. मित्र ओरडत होता, "सांभाळा, सांभाळा, माह्या अंगाले बाकीचे केस तरी राहू द्या!" चाकावर कडं पडलं तसा ओल्या लाकडातून एवढा धूर आणि वाफ निघाली की क्षणभर कुणाचं तोंड दिसेना. घणाचे घाव, मग पाण्याच्या घागरी, मग तो चर्र आवाज. धूर गेल्यावर चाक कसं नव्या भांड्यासारखं दिसत होतं. भावानं बोटाच्या पेरानं धावेवर टिचकी मारली आणि ती वाजली. त्याचं तोंड उजळलं. तो मला म्हणाला, "नागपूर कामाले आलं बरं का."

त्याच्या आधी एक गोष्ट घडली होती. कडं करण्यासाठी चाकाचा घेर मापावा लागतो. मित्रानं दोरी ओल्या चाकाभोवती फिरवली, गाठ मारली, पुन्हा सोडून पुन्हा मापलं, आणि दोरी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, माप बरोबर आहे का असं विचारतो आहे. मी मान हलवली. त्यानं पट्टी कापली.

चाकं बसवून छकडा आमच्या अंगणात उभा केला. नंतरचे आठ दिवस कोरडा वारा आणि स्वच्छ ऊन होतं. धानाच्या रिकाम्या शेतांत लाखोळी फुलली होती. मी रोज कुणाला ना कुणाला छकडा दाखवत होतो आणि लाकूड आणि लोखंड यांचं ते समजावत होतो. मालगुजारांचा माणूसही पाहून गेला. त्यालाही समजावलं.

पटाच्या दिवशी सकाळी थंडी होती. पळण्याआधी जोडी तापवून घ्यावी लागते. थंड पायाचा बैल सुटला की आखडतो, कधी कायमचा लंगडतो. वहिनीनं मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून आणलं. भावानं दोन्ही बैलांच्या पायांना खुरापासून वरपर्यंत ते चोळलं, तळव्यांनी जोर देऊन, की त्याच्याच कपाळावर घाम आला. मग जोडी जुंपून दानीच्या कडेकडेनं आधी चालत, मग दुडक्या चालीनं नेली. छकड्याची चाकंही अशीच तापवायची असतात, म्हणजे थंडीनं आसावर घट्ट झालेलं वंगण सुटतं आणि चाक मोकळं फिरतं. भाऊ जोडीशी सारखं हळूहळू बोलत होता. काय बोलत होता ते मला ऐकू येत नव्हतं. बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. माणसं म्हणत होती, "आज तळ्याकाठची जोडी कोणाचं काही खरं ठेवत नाई."

मित्र गर्दीत दिसला. मी हात केला. त्यानं हात केला नाही.

फडकं पडलं. दोन्ही जोड्या सुटल्या. दान संपेपर्यंत मी श्वास घेणार नाही असं मी ठरवलं होतं, आणि मला आठवतं, अर्ध्या दानीवर आमचा पांढरा बैल मालगुजारांच्या जोडीपेक्षा एक मान पुढे होता. तेवढ्यात डाव्या चाकाची धाव निसटली. तिचा आवाज झाला नाही. ती नुसती सुटली आणि एकटीच छकड्याच्या पुढे लोळत गेली, माणसं ओरडत बाजूला झाली. उघडं लाकडी चाक दोन-तीन वेळा फिरलं आणि मोडून खाली बसलं. छकडा कलंडला. भावाच्या मनगटाला कासऱ्याचा वेढा होता. तो तसाच फरपटत गेला, मग बैल थांबले. मालगुजारांची जोडी दान ओलांडून गेली होती.

भावाचा उजवा हात कोपराखाली मोडला. बैलांना काही झालं नाही.

धाव मी उचलून आणली. धुळीत पडली होती, जराही वाकली नव्हती. मी ती मोडक्या चाकाच्या तुकड्यांपाशी ठेवून पाहिली. लाकूड सुकून आत गेलं होतं. धाव आणि लाकूड यांच्यात माझं बोट जाईल एवढी जागा होती. तेव्हा मला समजलं. ओलं लाकूड फुगलेलं असताना धाव त्याच्या मापाची केली. लाकूड सुकल्यावर धाव मोठी झाली. एवढं सोपं होतं. यासाठी नागपूरला जायची गरज नव्हती, भट्टीवर बसणाऱ्या कुणालाही ते कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी मालगुजारांचा माणूस बैल न्यायला आला, सोबत मालगुजारही. त्यांनी पांढरा निवडला. भावाचा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता. त्यानं डाव्या हातानं दावं सोडलं. गाठ सुटत नव्हती म्हणून मी पुढे झालो तर म्हणाला, "राहू दे." मालगुजार म्हणाले, "आता जाळंच सांभाळ गा." भाऊ म्हणाला, "हो मालक." तांबडा बैल दोन दिवस हंबरत होता. वडील तळ्यावरून घरी यायचे नाहीत, जेवायलाही नाही.

मी भट्टीवर गेलो. तिथे माणसं बसली होती आणि मला ती हवीच होती. मी मित्राला विचारलं, "धाव निघेल हे तुला माहीत होतं?"

तो भाता ओढायचा थांबला. म्हणाला, "हो. माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं पुन्हा भाता ओढायला घेतला. मी त्याला जे वाटेल ते बोललो. मी म्हणालो, एका शब्दाचा सूड तू माझ्या भावावर घेतलास. माझ्या थोबाडीत मारायची होतीस. त्याला कसली शिक्षा दिलीस? तो ऐकून घेत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "भाऊचा हात कसा हाय?" मी थुंकलो आणि निघून आलो.

सुट्टी संपेपर्यंत मी ज्याला भेटेन त्याला हे सांगत सुटलो. लोकांनी विश्वास ठेवला. त्यानं स्वतःच पाच माणसांत कबूल केलं होतं. जो लोहार जाणूनबुजून ढिली धाव चढवतो त्याच्याकडे गाडी कोण नेणार? माझा भाऊ मात्र एक शब्द बोलला नाही. मी त्याला म्हणालो, "तू त्याला काहीच बोलणार नाहीस?" तो म्हणाला, "आता बोलून काय होते." मला तो त्याचा मोठेपणा वाटला. मी नागपूरला खोलीतल्या मुलांना सांगितलं, माझा भाऊ असा आहे आणि माझा मित्र तसा निघाला.

मला मित्राचं एक पोस्टकार्ड आलं. त्यात पुन्हा भावाचा हात विचारला होता, दुसरं काही नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. होळीपर्यंत त्याची भट्टी बंद पडली. बिऱ्हाड घेऊन तो अहेरीकडे गेला असं कळलं, तिथे जंगलाच्या कामावर कुऱ्हाडी-विळ्यांना धार लावून देतो म्हणून.

हे सगळं घडल्यावर माझ्यात काय बदललं ते मला नीट सांगता येत नाही. चूक माझी होती हे मी नाकारत नाही, तेव्हाही मनातल्या मनात नाकारत नव्हतो. पण मी न कळता चुकलो आणि त्यानं कळून मला चुकू दिलं, हा फरक मी घट्ट धरून बसलो. प्रयोगशाळेत तापलेल्या गोळ्याचा आणि कड्याचा प्रयोग आला तेव्हा मी आजारी असल्याचं सांगितलं. नागपुरात कुणी माझ्याशी फार चांगलं वागलं की मला भीती वाटायची. माझ्या बोलण्यात काही चुकत असेल आणि हा ऐकून घेत असेल, हसत असेल, असं वाटायचं. मी कुणाला पत्रं लिहीनासा झालो. पुढच्या दोन वर्षांत मी गावाकडे गेलो तेव्हा भट्टीच्या वाटेनं गेलो नाही, जरी तिथे आता कुणी नव्हतं. भाऊ तांबड्याला नांगराला जुंपत होता. त्याचा हात थोडा वाकडा जुळला आहे.

यंदा दिवाळीनंतर वहिनीच्या डोळ्यात फूल पडलं म्हणून तिचा भाऊ तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन आला. माझा भाऊ धान कापणीमुळे येऊ शकला नाही. मी रोज कॉलेज सुटलं की दवाखान्यात जात असे. एका दुपारी तिचा भाऊ चहा आणायला गेला होता. वहिनी डोळ्यावर पट्टी बांधून व्हरांड्यात बसली होती. ती म्हणाली, "भाऊजी, तुमचा तो लोहार सोबती, त्याले कधी कागद-बिगद लिहिता का?"

मी म्हणालो, "वयनी, त्याचं नाव माझ्यापुढं काढू नको."

तिनं डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, "तुमच्या भावानं मले आण घातली हाय. पण मी आता आंधळी होते का काय होते, कोणाले माहीत. मनात ठेवून कुठी जाऊ? ऐका. पटाच्या आदल्या दिवशी तुम्ही दान पाहाले गेलते. तवा तो आमच्या आंगणात आला. हातोडी घेऊन. दोन्ही चाकांवर ठोकून पाह्यलं. तुमच्या भावाले म्हणे, धाव ढिली झाली. त्या दिवशी मले राग आला म्हणून मी बोललो नाई, माहं चुकलं. आता चाकं काढून द्या, मी सांजपावतर कापून, तापवून, पुन्हा चढवून देतो."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. तुमचे भाऊ म्हणे, भट्टी पेटली का सारं गाव जमते. सारे विचारतीन, काऊन पेटली? आठ दिवस झाले माहा भाऊ सांगत फिरून राह्यला. मालगुजाराच्या माणसाले बी सांगून बसला. त्याचं हसू होईन. घरातून एक पोरगं शिकून राह्यलं, ते पुन्हा गावात तोंड दाखवणार नाई. त्या लोहारानं लय विनवलं, भाऊजी. पाया पडला. तुमचे भाऊ म्हणे, दान सरळ हाय, लांब नाई, तेवढं निघून जाते. पहाटे मी दोन घागरी ओतल्या चाकांवर. तेवढ्यानं काय होते?"

"आणि त्यानं भट्टीवर मला सांगितलं का नाही?"

"तुमच्या भावानं त्याले बैलाच्या डोक्यावर हात ठेवाले लावला होता ना. कोणाले सांगाचं नाई म्हणून. तुम्हाले तर नाईच नाई."

मी तिला म्हणालो की भावानं मला तरी सांगायचं होतं, नंतर, एवढ्या दिवसांत कधी तरी. मी त्या माणसाला गावातून उठवलं आणि भाऊ पाहत बसला.

वहिनी म्हणाली, "पाहत नाई बसले. दर वर्षी उन्हाळ्यात जाते त्याच्याकडं, अहेरीले. दोन दिवस राहते, सुके मासे नेते. तो त्याईचा हात पाहते, तेल लावून देते. तुम्हाले आन् बाबाले सांगते का जंगलात बांबू आणाले चाललो. बांबू कवा आणला का त्याईनं?"